पाण्याखाली गेलेला मांड

काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले सुपा हे गाव आज नकाशावर शोधून सापडणार नाही. कचेरी, बाजारपेठ, देवळे आणि राहती घरे यांसह ते काळी नदीवरच्या धरणाच्या जलाशयात बुडाले. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात सुरू झालेले धरणाचे काम १९८७ साली पूर्ण झाले. १०१ मीटर उंचीची भिंत उभी राहिली, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि तालुक्याची ओळखही त्याच नावाने होऊ लागली. तरी जुन्या घरांतून अजून ‘आम्ही सुप्याचे’ असेच म्हटले जाते. आणि फाल्गुन जवळ आला की त्याच घरांतून दरवर्षी एक प्रश्न विचारला जातो : आपला शिमगा पूर्वीसारखा का होत नाही?

या प्रश्नाची उत्तरे ठरलेली आहेत. तरुण मुले पोटासाठी गोव्यात गेली, दूरचित्रवाणी घराघरांत आली, पुढे हातात मोबाईल आला, भक्तिभाव ओसरला. या उत्तरांत तथ्य नाही असे नव्हे. परंतु ज्या गावांतून माणसे तितक्याच संख्येने गोव्यात कामाला जातात, त्या गावांचा शिमगा आजही नेटका पार पडतो. उलट पुनर्वसित वस्त्यांत माणसे घरी असूनही तो लवकर आटोपतो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. तेव्हा कारण अन्यत्र शोधावयास हवे. आमच्या मते ते पायाखालच्या जमिनीशी निगडित आहे. हे म्हणणे थोडे विस्ताराने मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम या मुलखाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा तालुका १,८०० चौरस किलोमीटरांहून मोठा, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी सुमारे ५० हजार. चार-सहा घरांची वाडी, मग कोस-दीड कोस रान, मग पुन्हा एखादी वाडी, अशी येथली वसाहत. कुणबी येथले जुने रहिवासी. गवळी धनगर म्हशींचे कळप घेऊन घाटमाथ्याने उत्तरेकडून आले. आफ्रिकी वंशाचे सिद्दी बांधव आपला दमाम घेऊन या रानांत स्थिरावले. देसाई, सारस्वत, मराठे, व्यापारी अशी आपली घराणी कोणी गोव्यातून, कोणी देशावरून, त्यांच्याही नंतर आली. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद, नंतर शेतीची आणि रानातली कामे. अशा ठिकाणी सण नसता, तर शेजारच्या दोन वाड्यांना परस्परांचे तोंड वर्षभर दिसले नसते. गवळ्यांचा दसरा आणि त्यातले गजानृत्य, दिवाळीतली गुरांची पूजा, भाताच्या पहिल्या लोंब्या दाराला बांधण्याचा नव्याचा दिवस, पौष-माघातल्या जत्रा आणि शेवटी शिमगा, हे सारे या विरळ वस्तीला एकत्र बांधणारे दुवे होत.

या सर्वांत शिमग्याचे स्थान वेगळे, आणि त्याचे कारण म्हणजे मांड. गोव्याच्या दक्षिण आणि पूर्व भागांत, तसेच आपल्याकडील कुणबी गावांत, मांड ही गावाची सामाईक व पवित्र जागा होय. परक्या माणसाला तेथे काहीही दिसत नाही. एखादे सारवलेले खळे, कडेला एखादा दगड, जवळ झाड, एवढेच. देऊळ नाही, मूर्ती नाही, भिंत नाही. मात्र त्या जागेवर नांगर चालत नाही, कोणी घर बांधत नाही, पायांत वहाणा घालून कोणी जात नाही. फाल्गुनात गावकरी तेथे जमतात, दिवा लागतो, नारळ वाढवला जातो, वडीलधारा मानकरी गाऱ्हाणे घालतो, आणि घुमट व कासाळ्यांच्या साथीने नमन होते. नमन झाल्याखेरीज मेळाला बाहेर पडता येत नाही. शेवटच्या दिवशी मेळ फिरून तेथेच परततो. मांडावर उठलेला शिमगा मांडावरच बसवावा लागतो, असा हा दंडक.

मांडावरून निघालेला मेळ कोठे जातो, हेही ठरलेले असते. आधी ग्रामदेवता, मग मानकऱ्यांची घरे, मग उरलेली घरे. कोणत्या घरानंतर कोणते, कोणत्या पाणंदीने जावयाचे, कोणत्या ओढ्याशी थांबून सीमेवरच्या देवाला नारळ द्यावयाचा, शेजारच्या गावच्या मेळाशी गाठ पडल्यास प्रथम कोणी वाद्ये थांबवावयाची, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. घरधनीण मेळाच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, सुपात तांदूळ-नारळ घालते. मेळ त्या घराला आशीर्वाद देतो. पाहणाऱ्याला हा नाच-गाण्याचा सोहळा वाटतो. वास्तविक तो गावाची वार्षिक मोजणीच असतो. कोणाचे घर गावात आहे, कोणाचा कोणता मान आहे, गावाची हद्द कोठे संपते, हे वर्षातून एकदा पायांनी चालून सर्वांसमक्ष सिद्ध केले जाते. जेथे कागदपत्र नव्हते तेथे हाच दप्तराचा व्यवहार होता.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्या पूर्वजांनी तर देवच हलविले होते. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडावयास घेतली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रुज महालात या देवांना आसरा मिळाला. हा महाल पुढे सोंदेकरांच्या राज्यात आला. साडेचारशे वर्षे लोटली. नव्या जागी जत्रा भरतात, पालख्या निघतात, आणि आज या देवस्थानांकडे पाहून ती स्थलांतरित आहेत असे कोणास वाटतही नाही. मग तेव्हा जे साधले ते सुप्याच्या बाबतीत का साधू नये?

या शंकेचे उत्तर असे की, त्या वेळी देवाबरोबर त्याचे महाजन आले. कोणता मान कोणत्या कुळाचा, पालखीपुढे कोणी चालावयाचे, पहिला प्रसाद कोणाचा, ही सारी व्यवस्था त्यांनी जशीच्या तशी नव्या जागी उभी केली. मूर्ती हलली, पण मूर्तीभोवतीची माणसांची रचना तुटली नाही. शिवाय देवळाचा देव गाभाऱ्यात असतो, आणि गाभारा नव्याने बांधता येतो. मांडाला गाभारा नाही. त्याचे पावित्र्य त्या विशिष्ट मातीचे. सातेरीचे वारूळ उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, राखणदार देवचाराची हद्द दुसऱ्या गावी नेता येत नाही, तसेच मांडाचे आहे.

आपल्या तालुक्याच्या इतिहासाने सणांची ही परीक्षा पूर्वीही घेतली आहे. सोंद्याच्या राज्यात घाटावरचे सुपे आणि घाटाखालचे फोंडे-काणकोण एकाच छत्राखाली होते. १७६३ साली हैदरअलीने सोंदे जिंकले, राजा गोव्यात आश्रयास गेला, आणि घाटाखालचा मुलूख कालांतराने पोर्तुगिजांकडे गेला. घाटाच्या कड्यावर सीमा उमटली. पुढे उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. तरी कुणब्यांच्या सोयरिकी, नवस आणि देवदर्शन घाट उतरून चालूच राहिले. काणकोणच्या श्रीस्थळ येथील मल्लिकार्जुनाला जाणारी पाऊलवाट कोणत्याही राजवटीने पुसली नाही. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली, कॅसलरॉकवरून घाट उतरणारी आगगाडी थांबली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत कित्येक कुटुंबांना आपल्या कुळाच्या देवाचे दर्शन दुर्लभ झाले. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया त्या वर्षांविषयी सांगत की देवाच्या नावाचा नारळ घरच्या तुळशीपाशीच ठेवला जाई. बंदी उठताच लोक पुन्हा घाट उतरले आणि सण जेथे थांबला होता तेथून पुढे सुरू झाला. याचे कारण उघड आहे. वाट अडली होती, पण वाटेच्या दोन्ही टोकांची जमीन जागच्या जागी होती.

आपल्या तालुक्यातील सर्वच उत्सव मात्र जमिनीशी असे जखडलेले नाहीत, आणि हा भेद ओळखणे आवश्यक आहे. उळवीची जत्रा घ्या. बाराव्या शतकात कल्याणातील उलथापालथीनंतर शरणांचा समुदाय या अरण्यात आला आणि बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांनी येथेच देह ठेवला, अशी परंपरा आहे. माघात भरणाऱ्या या जत्रेस धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांच्या रांगा येतात. सजविलेले बैल, गाडीत शिधा, वाटेत ठरलेले मुक्काम. ही जत्रा मूळचीच प्रवासाची. तिचे भक्त दूर राहतात हेच तिचे बळ होय. गाव उठले, माणसे विखुरली, तरी अशा जत्रेला बाध येत नाही. विखुरलेल्यांना एकत्र येण्यास ती निमित्तच देते.

दुसरा प्रकार घरात साजऱ्या होणाऱ्या सणांचा. चवथ हे त्याचे उत्तम उदाहरण. गणपती पाटावर बसतो आणि पाट कोणत्याही घरात मांडता येतो. सुप्याहून उठलेल्या घरांनी चवथ सोडली नाही. बेळगावात, पणजीत, पुण्यात ती आजही होते. तथापि येथेही एक सूक्ष्म बदल घडला. गणपतीच्या वर टांगावयाच्या माटोळीत नारळ, सुपारीचा घोस, केळी, चिबूड, तवशे यांच्या जोडीला कांगले, कवंडळ, घागऱ्या, कळलावीचे लालपिवळे फूल असा रानमेवा बांधला जातो. तो कोणत्या उतारावर, कोणत्या झाडावर चढलेल्या वेलीला मिळतो, हे घरातल्या पोरांना चवथीच्या आदल्या दिवशी रानात नेऊन दाखविले जाई. आज शहरात माटोळीचे सामान बाजारातून जुडी बांधून येते. सण टिकला, त्यातले रानाचे शिक्षण गळाले. त्या मानाने जोयड्यास जानेवारीत भरणारा कंदांचा मेळा आशादायक वाटतो. कणंगे, कोन, सुरण, मुडली असे आपल्या कुणबी बंधूंनी परसात जपलेले नाना कंद तेथे मांडलेले पाहिले की, ज्ञान हस्तांतरित करण्याची नवी रीत निघू शकते असा विश्वास वाटतो.

तिसरा प्रकार शिमग्याचा, आणि जलाशयाने नेमका त्यावरच घाला घातला. बुडालेल्या गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन मुख्यत्वे बेळगाव-पणजी मार्गावरील रामनगर येथे झाले. काही घरे नातेवाइकांच्या आधाराने अन्यत्र गेली. निघताना लोकांनी देव घेतले. मूर्ती, तरंग, पालखी, समया, वाद्ये, सारे वाहून आणले. नव्या वस्तीत देवळे उभी राहिली, नित्यपूजा सुरू झाली. शिमगाही सुरू झाला. परंतु मेळ बाहेर पडावयाचा तर कोणत्या घरापासून? एकाच गल्लीत चार गावांची घरे. ज्याचा मान पहिला, त्याचे घर वस्तीच्या दुसऱ्या टोकास; ज्या दोन गावांचे मेळ सीमेवर भेटत, ती दोन्ही गावे आता एकाच रस्त्याच्या समोरासमोरच्या बाजूंना. सीमेचा ओढा नाही, त्यामुळे सीमेचा नारळ नाही. मांडासाठी जागा निवडली, ती सारवली, दिवा लावला. पण त्या जागेवर इतर दिवसांत नांगर न चालविण्याचा प्रश्नच नव्हता, तेथे मुळात नांगरच नव्हता. मोजणी करावी असे गावच उरले नाही, तेव्हा मोजणीचा विधी हळूहळू केवळ करमणुकीचा कार्यक्रम झाला. करमणुकीचे म्हणाल तर तिची अन्य साधने अधिक सोयीची. म्हणून शिमगा आखडला.

असे केवळ आपल्याच वाट्यास आले असे मात्र नाही. दूर हिमालयाच्या पायथ्याशी, हिमाचल प्रदेशातील बिलासपूर हे जुने संस्थानी नगर भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात बुडाले. त्याबरोबर सांडू मैदान बुडाले. या मैदानात नलवाडी नावाचा गुरांचा प्रसिद्ध मेळा भरत असे. तो आता नव्या नगराजवळच्या लुहणू मैदानावर भरतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या नगराची देवळे चिखलातून वर येतात आणि लोक ती पाहावयास जातात. मेळा टिकला, कारण गुरांचा बाजार कोणत्याही सपाट मैदानावर भरू शकतो. याउलट त्याच राज्यातल्या कुलूचा दसरा पाहावा. अन्यत्र दसरा संपतो त्या दिवशी तो सुरू होतो. डोंगरातल्या गावोगावच्या देवता पालख्यांतून ढालपूरच्या मैदानावर येतात. कोणत्या देवतेने कोठे बसावयाचे, रघुनाथाच्या रथाच्या उजव्या बाजूने कोणी चालावयाचे, यावरून तेथे मोठे वाद झाले आहेत. बाहेरच्यास हे भांडण क्षुल्लक वाटेल. शिमग्याच्या मेळाचा मार्ग ज्याने पाहिला आहे, त्याला त्यातले मर्म लगेच उमजेल. डोंगरी मुलखात मानाची जागा म्हणजे गावाचे अस्तित्व होय.

जुने ते सर्व जसेच्या तसे राहावे असा आमचा आग्रह नाही. घुमटाचेच पाहा. मातीच्या त्या भांड्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते निषिद्ध ठरले. काही काळ वाद्यच नामशेष होईल अशी भीती होती. मग बकऱ्याचे कातडे आले, आवाजात थोडा फरक पडला, कानांना सवय झाली. आणि २०१९ मध्ये गोवा राज्याने घुमटाला वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. साहित्य बदलले तरी सण जगतो. गाणी बदलतात, वेष बदलतो. जे बदलले असता सण कोसळतो, ते कोणते, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि आमचे उत्तर असे : मांड, मेळाचा मार्ग आणि घरांचा क्रम.

हा प्रश्न आता केवळ गतकाळाचा राहिलेला नाही. १९५६ चे दांडेली अभयारण्य आणि १९८७ चे अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या गाभ्यातील गावांनी मोबदला घेऊन स्वेच्छेने बाहेर यावे अशी योजना आहे. काही कुटुंबे गेली, काही विचारात आहेत. शाळा, दवाखाना, रस्ता यांची ओढ कोणासही असणारच, आणि रानात राहण्याचा आग्रह दुसऱ्याने धरणे उचित नव्हे. परंतु निर्णय घेताना काय मागे राहते याची नोंद तरी असावी. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे यांसारख्या जुन्या खुणा धरल्या आहेत. वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाबही पुराव्यात धरले आहेत. म्हणजे ज्या मांडाला कधी सात-बारा नव्हता, त्याला आज कायद्याच्या दृष्टीनेही किंमत आहे. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले; घाटावरच्या त्यांच्या भाऊबंदांनी कर्नाटकात तीच मागणी वर्षानुवर्षे मांडली आहे. अशा वेळी त्यांच्या सणांची तपशीलवार नोंद हा हौसेचा विषय राहत नाही.

ही नोंद कोणी करावयाची? येथे आपल्या घराण्यांकडे वळावे लागते. आम्ही या भूमीत उशिरा आलो. मांड आमचा नव्हता, तो कुणब्यांचा होता. तरी मेळ आमच्या अंगणात आला, त्यांनी आम्हांस मान दिला आणि आम्ही तो घेतला. आमच्याजवळ त्या काळी एक गोष्ट होती जी त्यांच्याजवळ नव्हती, ती म्हणजे लिहिण्याची सवय. आमच्याच घरी गोवामुक्तीच्या आगेमागच्या वर्षांतल्या जमाखर्चाच्या दोन वह्या निघाल्या. त्यांत मिठाच्या आणि रॉकेलच्या खर्चाशेजारी दर फाल्गुनात शिमग्याच्या मेळाला दिलेला नारळ, तांदूळ आणि रोख रक्कम लिहिलेली आहे; पुढे कोणत्या वाडीचा मेळ, कोणत्या तिथीस, हेही आहे. सात वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यावर कोणता मेळ कोणत्यानंतर येत असे, हे स्पष्ट दिसू लागले. लिहिणाऱ्या आजोबांना इतिहास लिहावयाचा नव्हता, हिशेब चोख ठेवावयाचा होता. आज ज्या वाड्यांवर चाळीस हात पाणी आहे, त्यांच्या मेळाचा क्रम त्या हिशेबात सुरक्षित आहे.

त्या वह्या घेऊन आम्ही रामनगरच्या एका वृद्ध मानकऱ्यांकडे गेलो. त्यांना वाचता येत नव्हते. आम्ही नोंदी वाचून दाखविल्या. तीन वाड्यांची नावे ऐकून ते थांबले आणि म्हणाले की मधली एक राहिली, ती वाडी तुमच्या अंगणात येत नसे, कारण वाटेत तिच्या देवाची सीमा होती. मग त्यांनी जमिनीवर बोटाने ओढा काढला, घरे काढली, मांड दाखविला. आम्ही तो कागदावर उतरवून घेतला. वही आणि बोट एकत्र आल्यावाचून तो नकाशा पुरा झाला नसता.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, जुन्या पेटीत अशा वह्या असतील. वाळवी लागली म्हणून, अथवा जागा अडते म्हणून त्या रद्दीत जाण्यापूर्वी एकदा फाल्गुन महिन्याचे पान उघडून पाहावे. जे मिळेल ते उतरवून ठेवावे, आणि त्या गावचा कोणी वडीलधारा हयात असेल तर ते त्याला वाचून दाखवावे. मेळाने आमच्या अंगणात उभे राहून आमच्या घरांना दिलेल्या आशीर्वादांची परतफेड करावयाची, तर याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही. तो मोकळा आहे तोवर त्यावरून चालून घ्यावे.